दोन माणसांचा तंबू

दुसरबीडच्या एसटी थांब्यासमोर, भर गर्दीत, एखाद्याची पिशवी फाटावी आणि आतला सगळा संसार रस्त्यावर यावा — याला नशीब म्हणायचं की नसतं लचांड, हे ज्याचं त्यानं ठरवावं. प्रसेनजितची फाटली ती मोटरसायकलच्या मागं लटकवलेली पिशवी होती. आतून पाने, नट-बोल्ट, वायरीचं भेंडोळं, एक टॉर्च आणि अर्धा डझन केळी बाहेर पडली. त्यातले बरेचसे नट घरंगळत जाऊन 'मैत्री लेडीज टेलर्स'च्या पायरीपाशी थांबले.

पायरीवर महामाया उभी होती. गळ्यात टेप, हातात कात्री, आणि ओठांवर दाबूनही न दबणारं हसू.

"तुम्ही हसून राह्यल्या मॅडम, अन् इकडे माहे पाने नालीत चालले," तो गुडघ्यावर बसून म्हणाला.

मॅडम! गावातला प्रत्येक गडी तिला ताई म्हणायचा. वय वर्षं सव्वीस, वडिलांच्या माघारी एकटीनं दुकान चालवणारी पोरगी, तिला ताई म्हटलं की दोन्हीकडची काळजी मिटते. यानं मात्र तो शब्द घशातच ठेवला होता. महामायेच्या हे लगेच ध्यानात आलं, आणि ध्यानात आलं म्हणून तिला स्वतःचाच जरा राग आला.

"ही पिशवी शिवून द्या ना."

"बोर्ड वाचता येतो ना? इथं फक्त बायांचं शिवते मी."

"पिशवी गाडीची हाय. अन् गाडी बाईच समजा... सकाळी किती रुसते म्हाईत हाय? दहा-दहा किका माराव्या लागतात."

"असं? बायांना किका मारता तुम्ही?"

"अ... नाही नाही! म्हंजे... तसं नाही ना—" त्याचे कान लाल झाले. केळ्यांचा घड छातीशी धरून तो तसाच उभा राहिला, आणि महामायेला आता मात्र हसू आवरेना.

पिशवी तिनं शिवून दिली. तिचे वडील तुळशीराम ट्रॅक्टरच्या, धान्याच्या ताडपत्र्या शिवायचे. त्यांची जाड कापडाची मशीन अजून दुकानाच्या कोपऱ्यात होती. त्या मशीनवर बसलं की महामायेचा हात आपोआप जड पडायचा आणि टाका लोखंडासारखा बसायचा. तोपर्यंत तो बाकड्यावर बसून बोलत होता, न विचारता. घाटाखालचा, सोनाळ्याचा. शेतात सौर पंप बसवण्याचं काम. कंपनीनं इकडं पाठवलेलं, समोरच्या वामनरावांच्या हॉटेलामागं खोली घेतलेली.

"म्हणजे तुम्ही घाटाखालचे. तरीच 'मले-तुले' चाललंय."

"अन् तुम्ही घाटावरच्या. 'मला-तुला' म्हंता, पन उन्हाळ्यात संत्री आमचीच खाता ना?"

बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं म्हणतात. प्रसेनजितची माती त्या दिवशी चांगल्या भावानं खपली.

चार दिवसांनी तो पुन्हा आला. खांद्यावर हिरव्या ताडपत्रीची भलीमोठी गुंडाळी होती.

"तंबू शिवायचा हाय."

"तंबू? सर्कस काढताय का?"

मग त्यानं सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा एकदम वेगळा झाला. त्याला आपला जिल्हा एकदा वरून खालपर्यंत मोटरसायकलनं पार करायचा होता. दुसरबीडपासून सोनाळ्यापर्यंत, पण मोठ्या रस्त्यानं नाही. शेतांमधून, नदीकाठानं, पांदणीच्या वाटांनी. चार मुक्काम, चारही उघड्यावर. "समृद्धी गेली गावाशेजारून, पन दुचाकीले तिच्यावर चढूच देत नाहीत. म्हनलं, बरंच झालं. आपल्याले घाई कोठी हाय? पंप बसवाले मी गावोगाव फिरलो, पन कामाच्या धांदलीत काही पाह्यलंच नाही. मानूस आपल्याच जिल्ह्यात पाव्हन्यावानी राह्यते."

बाजारातले तंबू का नाही घेत, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर काम हातचं गेलं असतं. तिनं टेप काढला.

"किती माणसांचा?"

"दोन."

"आडवे व्हा खाली. माप घेते."

तो खरंच दुकानाच्या फरशीवर आडवा झाला, हात पोटावर ठेवून, गंभीर चेहऱ्यानं. तिनं डोक्यापासून टाचेपर्यंत टेप धरला. खालून तो छताकडं बघत होता... म्हणजे बघण्याचा प्रयत्न करत होता.

"आणि दुसऱ्या माणसाचं माप?"

"तुमच्याएवढंच धरा," तो म्हणाला, आणि लगबगीनं उठून पँट झटकू लागला.

महामायेनं वहीत स्वतःची उंची लिहिली. पाच फूट दोन इंच. लिहिताना तिच्या मनात आलं, असेल कुणीतरी आपल्याच उंचीची. त्या कुणीतरीबद्दल तिला दिवसभर अजिबात चांगलं वाटलं नाही.

पुढचे दिवस मात्र मजेचे गेले. संध्याकाळी काम आटोपलं की तो यायचा. वामनरावांकडून दोन कट चहा यायचा, आणि कापड बेतायच्या टेबलावर प्रवासाचं बेतणं सुरू व्हायचं. त्यानं एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला जिल्ह्याचा नकाशा काढला होता, अगदीच कच्चा. महामाया त्यावर आपल्या निळ्या खडूनं खुणा करायची. पहिला मुक्काम मेहकरच्या अलीकडं पैनगंगेच्या काठी, त्याच्या ओळखीच्या शेतात. दुसरा बोथ्याचा घाट उतरल्यावर, पायथ्याला. तिसरा पूर्णेच्या काठावर.

"तिथलं पानी खारं हाय. चहा फाटते. पानी वरूनच भरून न्यावं लागन."

"किती?"

"दोन डबे. मांगं बसनाऱ्याच्या मांडीवर."

"मागं बसणाऱ्यानं काय गुन्हा केलाय?"

"मांगं बसला, हाच गुन्हा."

चौथा मुक्काम सोनाळ्याच्या पुढं, त्याच्या काकांच्या संत्र्याच्या बागेत. जंगलात राहू देत नाहीत, म्हणून रात्र बागेत काढायची आणि सकाळी परवानगी घेऊन सातपुड्याच्या वाटेला लागायचं. "थंडीत तिथं सकाळी धुकं असते," तो म्हणायचा, "अन् बागेत संत्र्याचा वास... तुम्ही नुसत्या उभ्या राहा. काही बोलायचं नाही. तुम्हाले थोडं कठीन जाईन, पन जमन."

ती खडू फेकून मारायची. तो चुकवायचा. कधी न चुकवता शर्टावर निळा डाग घेऊन जायचा, आणि दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून यायचा.

काय न्यायचं, याची यादी ती करायची. स्वयंपाकाचं डोकं तिचं. ज्वारीचं पीठ, तिखट, शेंगदाण्याची चटणी, वांगी चुलीत भाजायला, लसूण. "तेल बाटलीत नको, फुटेल." जणू तीच जाणार होती. हे तिच्या ध्यानात यायचं, मग ती मध्येच गप्प व्हायची, आणि तो विचारायचा, "काय झालं?" ती म्हणायची, "काही नाही. मीठ राहिलं."

डिसेंबरच्या शेवटी तंबू शिवून पूर्ण झाला, ताडपत्री कुठंही न कापता, नुसत्या घड्या घालून. महामायेनं तो एका दुपारी दार लोटून दुकानातच उभारून पाहिला. आत शिरली, पाय लांब केले, हिरव्या उजेडात पाच मिनिटं बसली. बाजूला एका माणसाची जागा शिल्लक होती. मग तिनं तो नीट घडी करून टेबलाखाली, कापडांच्या गठ्ठ्यामागं ठेवून दिला.

संध्याकाळी तो आला. "झाला का?"

इथं तिच्या आयुष्यातली पहिली चूक झाली. म्हणजे चुका आधीही झाल्या असतील, पण ही मोजण्यासारखी पहिली. सगळ्या जगातले शिंपी 'उद्या' म्हणतात. ब्लाऊज असो की शेरवानी, 'उद्या या' हा त्या धंद्याचा रामराम आहे. फक्त तुळशीरामांच्या दुकानात हा शब्द चालत नव्हता. वडिलांनी लेकीला मशीन शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं, आणि महामायेनं तारीख दिली म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ, असं सगळं गाव म्हणायचं.

"उद्या," महामाया म्हणाली.

कारण तिला धंद्यातली दुसरीही गोष्ट माहीत होती. कपडा हातात पडला की गिऱ्हाईक पायरी उतरतं, आणि मागं वळून बघत नाही. तंबू दिला की हा माणूस जाणार. त्या पाच फूट दोन इंचवालीला घेऊन पैनगंगेकाठी जाणार. आणखी एक संध्याकाळ... एवढंच तिला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा "उद्या" म्हटलं. तिसऱ्या दिवशी जीभ सरावली.

बारा जानेवारीला सिंदखेडराजाच्या रस्त्यावर जयंतीला निघालेल्या गाड्यांची रीघ लागली होती. दुसरबीडात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रसेनजितची गाडी अडकली, तसा तो दुपारीच दुकानात येऊन बसला. बाहेर ढोल, भगवे फेटे, घोषणा. आत फक्त ती दोघं. आणि त्या गोंगाटात, कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून असेल कदाचित, तो बोलला.

"महामाया... त्या तंबूत मी झोपनार नाही."

"मग?"

"जयमालाताई येऊन राह्यली. माही मोठी बहीन, खामगावले नर्स हाय. तिची स्वतःची गाडी हाय. अन् मी, अन् धम्मरत्न, माहा दोस्त — आम्ही बाहेर आभायाखाली. तंबू ताईसाठी हाय, अन्..." त्यानं खडूचा तुकडा उचलला, खाली ठेवला. "दुसरं माप तर तुनंच लिहिलं वहीत."

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता. महामायेचा हात मशीनच्या चाकावर होता, तो तिथंच राहिला.

"ताईनं तुह्या आईले फोन केला होता परवा. अन्नपूर्णामावशी म्हनल्या, पोरीच्या मनावर हाय. मी मधात येनार नाही." तो बाकड्यावर जरा पुढं सरकला. "हे चार दिवसाचंच विचारत नाही मी. तुले समजते ना? तू आली, तर मंग घरी सोनाळ्याले माय-बापासमोरही... येशील?"

तेव्हा काय अडलं होतं? आईनं हो म्हटलं होतं. ताई सोबत होती, म्हणजे गावाच्या तोंडालाही कुलूप होतं. मुलगा चांगला, आपल्यातला, कष्टाळू. आणि तिच्या मनात तर 'हो' केव्हाचं तयार होतं, टेबलाखालच्या तंबूसारखंच, टाका न् टाका घालून.

पण जन्मभर तिनं दुसऱ्यांचीच वाट पाहिली होती. माप द्यायला येणाऱ्या बायांची, दवाखान्यातून न परतलेल्या वडिलांची, उधार नेलेल्या कपड्यांच्या पैशांची. तिची वाट कुणी पाहिली नव्हती. आज एक माणूस समोर बसून, श्वास रोखून तिच्या तोंडाकडं बघत होता, आणि हे इतकं गोड होतं की ते संपवायला तिला जीव होईना. शिवाय खरं सांगायचं तर भीतीही वाटली. एवढं सगळं एका शब्दात द्यायचं?

"उद्या सांगते," ती म्हणाली, आणि लाजून हसली.

तोही हसला. "हाव. उद्या."

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं. तिनं मान वेळावून "उद्या" म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यानं नुसत्या भुवया उंचावल्या, तिनं खडूनं टेबलावर 'उद्या' लिहिलं. आईनं घरी एकदा विचारलं, "सांगितलंस का गं त्याला?" महामाया म्हणाली, "सांगते की. कुठं पळून जायलाय तो?" आई म्हणाली, "बाई, ताव असतो तोवर भाकर टाकावी." महामायेनं ऐकलं आणि सोडून दिलं. त्या दिवसांत तिच्याइतकं सुखी माणूस पंचक्रोशीत नसेल. रोज कुणीतरी येऊन तिला मागत होतं, आणि रोज तिच्याकडं द्यायला काहीतरी शिल्लक राहत होतं.

तिला एक कळलं नाही. तिच्या 'उद्या'त हसू होतं ते त्याला आधी दिसायचं, हळूहळू फक्त 'उद्या' ऐकू यायला लागलं. शिंपी तीनदा उद्या म्हणाला की शहाण्यानं कापड उचलावं, ही रीत त्यालाही माहीत होती. तो तर किती दिवस टिकला!

सव्वीस जानेवारीनंतर तो आला नाही. महामायेला वाटलं, काम असेल. मग वाटलं, रागावला असेल, येईल. मग वामनराव म्हणाले, पोरगा गावाकडं गेलाय, खोलीला कुलूप आहे. मोबाईल होता, वहीत नंबर होता. तिनं संदेश लिहिला — 'तंबू तयार आहे.' पुसला. 'मी येते' लिहिलं. समोर आल्यावरच सांगू, डोळ्यांत बघून, असं ठरवून तेही पुसलं. मनाची समजूत घालायला माणसाला फार काही लागत नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर, सकाळी दहाच्या सुमाराला त्याची गाडी पायरीपाशी थांबली. महामाया इतकी पटकन उठली की मांडीवरचं कापड खाली पडलं. आज सांगायचंच. त्यानं विचारायच्या आधी सांगायचं.

तो पायरीवरच उभा राहिला. आत आला नाही.

"ताई," तो म्हणाला, "ती ताडपत्री परत पाहिजे होती. शिवली नसन तरी चालते."

ताई. एक शब्द, तोही किती साधा, किती अदबीचा. महामायेच्या तोंडातलं वाक्य तिथंच विरघळलं.

"आता... आता गिऱ्हाईक बसलंय," ती म्हणाली. दुकानात कुणी नव्हतं. "तीनला या."

तो "बरं" म्हणून गेला.

आता हिनं काय करायला हवं होतं? टेबलाखालचा तंबू काढून त्याच्या हातात ठेवायचा. आणि सांगायचं, माझं चुकलं. पण तयार तंबू दिला म्हणजे दीड महिना आपण तोंडावर खोटं बोलत होतो, हे उघड होणार. ज्या दुकानात 'उद्या' चालत नव्हतं, त्या दुकानाच्या मालकिणीनं एका माणसाला दीड महिना फसवलं. आणि तो तर ताई म्हणाला होता. ताई म्हणणाऱ्यापुढं असली लाज काढायची? रागानं, शरमेनं तिचं डोकं चालेनासं झालं. तिनं दार लोटलं, तंबू ओढून काढला आणि उसवायला बसली.

किती टाके होते ते! कात्रीच्या टोकानं एकेक दोरा ओढताना बोटं सोलली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ती बाहीनं पुसत होती आणि उसवत होती. अडीचला ताडपत्री मोकळी झाली. तिनं दोऱ्याचा तुकडा न् तुकडा वेचला, कापड हातानं सपाट केलं, गुंडाळी केली. जसं आणलं होतं, तसं.

तीनला तो आला. गुंडाळी गाडीवर नीट बसेना, म्हणून त्यानं ती रस्त्याकडेला उघडून पुन्हा घडी घालायला घेतली. दोन्ही हातांनी वर धरली, उन्हात.

महामाया आयुष्यभर बहुतेक सुती आणि रेशमी कापडात वावरली होती. सुती कापड उसवलं, पाणी मारून इस्त्री फिरवली, की टाका कुठं होता हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. हाताला तीच सवय. ताडपत्री मात्र सुई विसरत नाही. एकदा पडलेलं भोक तिच्यात कायमचं राहतं. प्रसेनजितच्या डोक्यावर धरलेल्या त्या हिरव्या कापडात, सरळ सरळ ओळींत, उन्हाचे शेकडो ठिपके चमकत होते. बाजूंनी, कोपऱ्यांतून, दाराच्या कडेनं. अख्खा तंबू उन्हानं आखलेला.

तो कितीतरी वेळ हात वर करून उभा राहिला. मग हळूच ताडपत्री खाली घेतली.

"शिवला होता?"

"हो."

"कधी?"

"डिसेंबरात."

"अन् उसवला कधी?"

तिनं बोटं मुठीत लपवली. ती त्याला दिसलीच.

"काऊन, महामाया? काऊन वं असं?"

"तुम्ही रोज यावं म्हणून लपवला," ती म्हणाली. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. "आणि ते खोटं कळू नये म्हणून उसवला. मला वाटलं होतं, तुम्ही विचारत राहाल."

तो पायरीवर मटकन बसला. "मी बावीस 'उद्या' मोजले. पह्यले दहा तंबूचे होते, बाकीचे माहे. मले वाटलं, पोरगी चांगल्या मनाची हाय, तोंडावर नाही म्हनवत नाही तिच्यानं. मानूस किती वार समजून न समजल्यावानी करन?" त्यानं तोंडावरून हात फिरवला. "इथलं काम जानेवारीतच सरलं होतं. तुले सांगितलं नाही. म्हनलं, जायचं म्हनून सांगितलं तर तू घाईनं हो म्हनशीन. घाईचं हो मले नको होतं."

"मग आता..." तिला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं गेलं.

"मांगच्या रविवारी साखरपुडा झाला. जळगाव जामोदची हाय. माय दोन वर्सापासून मांगं लागली होती, मीच थांबवून ठेवलं होतं." मग तो हळू म्हणाला, "चांगली हाय ते पोरगी. तिनं मले विचारलं, मी पसंत हाय का? मी त्याच वक्ताले हाव म्हनलं. तिले वाट पाह्यले लावलं नाही."

आठ दिवस. फक्त आठ दिवस आधी तो आला असता, किंवा तिनं तो संदेश पुसला नसता... पण शब्द दिलेला होता, आणि त्याचा शब्द मोडायला सांगावं, एवढी वाईट महामाया नव्हती. तो मोडेल असा माणूस असता, तर तिला तो आवडलाच नसता.

"आणा इकडं," ती म्हणाली.

"काय?"

"ताडपत्री. शिवून देते. तुळशीरामाच्या दुकानातून कापड अर्धवट जात नाही."

जाड कापड शिवताना पलीकडून कुणी वजन धरलं तर बरं, एकट्यानं सुई मोडायची भीती असते. तिचे वडील शिवायचे तेव्हा ती धरायची. आज प्रसेनजितनं धरलं. मशीनच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो, मध्ये सरकत जाणारा हिरवा तंबू. तिच्या सोललेल्या बोटांना दोरा चावत होता, आणि एकदा कापड वळवताना त्याचा हात तिच्या हातावर क्षणभर थांबला... मग उचलला गेला. तिनं कधी नव्हे ते मनातून मागितलं, दोरा तुटू दे, बॉबिन अडकू दे, वीज जाऊ दे, नाहीतर निदान पट्टा तरी निसटू दे. मशीन एकदाही अडली नाही. दोन तासांत तंबू झाला, पहिल्यापेक्षाही पक्का.

"कुणाला देणार?" तिनं विचारलं.

"जयमालाताईले. ते जाईन कधी मैत्रिनी घेऊन. मी..." त्यानं मान हलवली. "मले आता जमन असं वाटत नाही. त्या वाटेनं दुसऱ्या कोनाले मांगं बसवून न्यायचं म्हनजे..."

वाक्य त्यानं तसंच सोडलं. तंबू गाडीला बांधला, दोरी दोनदा ताणून पाहिली. ऊन कलायला लागलं होतं. त्याला फार रात्र व्हायच्या आत खामगाव गाठायचं होतं.

महामाया पायरी उतरून गाडीपाशी आली. पदराशी चाळा न करता, खाली न बघता, थेट त्याच्या डोळ्यांत बघत ती बोलली. जे पहिल्या दिवशी बोलायचं होतं, ते.

"मी आले असते, प्रसेनजित. पाण्याचे डबे मांडीवर घेऊन आले असते."

त्यानं डोळे मिटून घेतले.

"आता नको सांगू," तो म्हणाला. "हात जोडतो. मले एकट्यालेच घाट उतरायचा हाय."

त्यानं हेल्मेट चढवलं, काच खाली ओढली. गाडी मेहकरच्या दिशेनं गेली, वळणावर एकदा हिरवी घडी दिसली आणि मग ट्रक आडवा आला.

महामाया रस्त्याच्या कडेलाच उभी राहिली. आत जावं, दिवा लावावा, ब्लाऊज पुरे करावेत, हे सगळं तिला कळत होतं. तिच्या तोंडून तेच शब्द पुन्हा निघाले, आपोआप, जरा मोठ्यानंच.

"मी आले असते."

समोर कढईत भजी सोडता सोडता वामनरावांनी झारा थांबवला.

"कुठं गं पोरी? कुठं यायचं होतं तुला?"

तिला चारही मुक्काम तोंडपाठ होते. पैनगंगेचा काठ, बोथ्याचा पायथा, पूर्णेचं खारं पाणी, संत्र्याची बाग. तिनं ओठ उघडले, आणि मग मान हलवून म्हणाली, "कुठं नाही, काका."